कॉनोविंगोचे गरुड टिपायचे असतील, तर आधी पाणी पाहा

दिवाळीचा फराळ संपत आला की मेरीलँड, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एक बेत हमखास ठरतो. सस्क्वेहाना नदीवरच्या कॉनोविंगो धरणापाशी जायचे आणि गरुडांचे फोटो काढायचे. भारतातून आलेले आईवडील सोबत असतात, नवी लेन्स घेऊन झालेली असते, आणि मग दरवर्षीचे तेच प्रश्न पुढे येतात. नेमके कोणत्या आठवड्यात जावे? चारशे मिलिमीटरची लेन्स पुरेल का? पहाटे पाच तास उभे राहूनही एकही गरुड पाण्यावर उतरला नाही, असे का झाले? धरणाच्या परवान्याचे कोर्टात काहीतरी चालले आहे म्हणतात, मग ते बंद होण्याआधी घाईने जाऊन यावे का? आणि पर्यावरणाची चाड असलेल्या माणसाने तिथे फोटो काढायला जावे तरी का?

हे प्रश्न वेगवेगळे दिसले तरी त्यांची मुळी एकच आहे. कॉनोविंगोचा फोटो कॅमेऱ्याआधी पाण्यावर ठरतो. पाणी किती सुटणार ते वीजनिर्मितीवर ठरते, आणि वीजनिर्मिती कोणत्या अटींवर चालेल ते सरकारी परवान्यावर. ही साखळी ध्यानात घेतलीत तर कोणत्या दिवशी जायचे, कुठे उभे राहायचे, पक्ष्यांशी कसे वागायचे आणि धरणाच्या वादात आपण कुठे आहोत, या साऱ्याची उत्तरे तिच्यातून मिळतात. ती ध्यानात न घेता नुसती महागडी लेन्स घेऊन गेलात, तर यश निव्वळ नशिबावर राहते.

गरुड इथेच का जमतात

कॉनोविंगो धरण १९२८ मध्ये पुरे झाले. नदी चेसापीक उपसागराला मिळते त्याच्या सुमारे १६ किलोमीटर आधी ते उभे आहे. लांबी जवळपास १,४०० मीटर, सांडव्याला ५३ दरवाजे, वीजगृहात ११ मोठी टर्बाइन्स आणि क्षमता ५७० मेगावॅटच्या आसपास. वरच्या जलाशयात गिझर्ड शॅड नावाचे चंदेरी मासे थव्याथव्याने असतात. टर्बाइन सुरू झाले की पाण्याबरोबर तेही खाली ओढले जातात. काही मरतात, काही जखमी होतात, काही नुसते गुंगतात आणि धरणाच्या पायथ्याशी पाण्याच्या वरच्या थरात तरंगत राहतात. गरुडाला मासा हवा असतो, तो इथे आयता मिळतो. ऑक्टोबरअखेरीपासून उत्तरेकडचे तळे-नद्या थंडावू लागतात आणि स्थलांतर करणारे गरुड स्थानिक जोड्यांत येऊन मिसळतात. चांगल्या मोसमात शंभराहून अधिक गरुड एकाच वेळी या टापूत असतात. काही नदीतल्या खडकांवर बसतात, काही बेटावरच्या झाडांवर, तर काही वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांवर.

हा बाल्ड ईगल. मराठीत त्याला टकला गरुड म्हणण्याची पद्धत पडली असली, तरी त्याला टक्कल नाही, डोक्यावर पांढरीशुभ्र पिसे आहेत. ती पूर्ण यायला सुमारे पाच वर्षे लागतात. म्हणून तुम्हाला तपकिरी, ठिपकेदार गरुड दिसला तर तो दुसरा पक्षी समजून कॅमेरा खाली घेऊ नका. एकमेकांच्या पंजातला मासा पळवण्याची झटापट बरेचदा हे तरुण पक्षीच करतात, आणि फोटोच्या दृष्टीने ती शांत बसलेल्या पांढऱ्या डोक्याहून कितीतरी मोलाची असते.

कधी जायचे: तारखेच्या आधी विसर्ग

नोव्हेंबरचा मधला पंधरवडा उत्तम, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या पंधरवड्यातही एखादा दिवस पूर्ण वाया जातो आणि दुसऱ्या दिवशी मेमरी कार्ड अपुरे पडते. हा फरक विसर्गाने पडतो. पावसाळ्यात मराठी बातम्यांमध्ये कोयना-उजनीचा विसर्ग ज्या क्युसेकमध्ये सांगतात, त्याच क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट या हिशेबात, अमेरिकेतही नदीचा प्रवाह मोजतात. कॉनोविंगोपाशी यूएसजीएस या सरकारी संस्थेचे मापनकेंद्र आहे आणि त्याचे चालू आकडे कुणालाही फुकट पाहता येतात. धरणचालक कंपनीही विसर्गाचा अंदाज फोनवरच्या ध्वनिमुद्रित निरोपातून देत आली आहे. निघण्याच्या आदल्या रात्री आणि निघताना, असा दोनदा आकडा पाहा आणि तो असा वाचा:

- फार कमी विसर्ग: टर्बाइन्स जवळजवळ बंद आहेत. मासे खाली येत नाहीत, गरुड मनोऱ्यांवर आणि खडकांवर तासन्‌तास बसून राहतात. बसलेल्या पक्ष्यांचे फोटो मिळतील, झेपेचे नाहीत.
- मध्यम विसर्ग, काही टर्बाइन्स चालू: हाच तुमचा दिवस. पाणी वाढू लागल्यानंतरचा पहिला काळ विशेष चांगला असतो.
- ८६,००० क्युसेकच्या वर: वीजगृहातून याहून जास्त पाणी जाऊ शकत नाही, म्हणून सांडव्याचे दरवाजे उघडतात. पाणी गढूळ होते, ओंडके आणि कचरा वाहून येतो, पक्षी पांगतात आणि काठावरची जागा बंदही होऊ शकते. घरीच थांबा.

वीज केव्हा बनवायची ते विजेच्या मागणीवर ठरते. त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी टर्बाइन्स चालण्याची शक्यता अधिक. थंडीची लाट असेल तर मागणी आणखी वाढते. उबदार, निवांत रविवारी माणसांची गर्दी सर्वांत जास्त आणि पाणी मात्र कमी, असे होऊ शकते. जमत असेल तर कामाच्या दिवशी रजा टाका. शनिवार-रविवारीच जाणे भाग असेल तर उजाडण्याआधी पोहोचा, कारण वाहनतळ लवकर भरतो.

एक सूचना मात्र कोणत्याही आकड्याहून महत्त्वाची. टर्बाइन सुरू होण्यापूर्वी भोंगा वाजतो आणि तांबडे दिवे लुकलुकतात. तो पाणी वाढणार असल्याचा इशारा आहे. काठाच्या खालच्या खडकांवर उतरला असाल तर तिपाई तिथेच टाकून वर या. पाणी काही मिनिटांत वाढते आणि ओले खडक निसरडे होतात. मुले आणि वडीलधारी माणसे मुळात त्या खडकांवर उतरूच नयेत.

कुठे उभे राहायचे, आणि गाडीचे काय

फोटो काढण्याची मुख्य जागा हारफर्ड काउंटीच्या बाजूला, डार्लिंग्टनजवळ, धरणाच्या अगदी खाली आहे. तिला फिशरमन्स पार्क किंवा शूर्स लँडिंग म्हणतात. वाहनतळ नदीला लागूनच आहे, त्यामुळे चालण्याचा त्रास असलेल्या आईवडिलांना गाडीशेजारी खुर्ची टाकून बसता येते. हा नैर्ऋत्येकडचा काठ, म्हणजे तुमचे तोंड ईशान्येकडे. याचा अर्थ नोव्हेंबरातली पहाट उजवीकडून तिरपी येते आणि दुपारी सूर्य पाठीशी असतो. पक्ष्याच्या डोळ्यात चमक हवी असेल तर दुपार अजिबात सोडू नका. बहुतेक मंडळी अकरा वाजता डबा खाऊन परततात, तेव्हाच उजेड खरा कामाचा होऊ लागतो. मात्र पाठीमागे झाडीची टेकडी आहे, तिथे संध्याकाळ लवकर होते.

आता गाडी. इथे गरुडांइतकीच काळ्या गिधाडांची वर्दळ असते आणि त्यांना रबराचे विलक्षण वेड आहे. वायपरच्या पट्ट्या, खिडक्यांच्या आणि काचेच्या कडेचे रबर ती चोचीने ओढून काढतात. तुम्ही पाण्याकडे डोळा लावून असताना मागे चार-पाच गिधाडे टपावर बसून काचेच्या कडेचा एक पदर दोऱ्यासारखा उसवत असतात. म्हणून एक मोठी ताडपत्री आणि ती बांधायला दोरी किंवा चिमटे सोबत घ्या आणि गाडी थांबवल्याबरोबर झाका. गिधाडांना दगड मारू नका. स्थलांतरित पक्ष्यांच्या १९१८ च्या कायद्याने तीही संरक्षित आहेत. आणि खाण्याचे डबे उघडे ठेवू नका, नाहीतर फराळ त्यांचा होईल.

गर्दी नको असेल, किंवा विसर्गाचा आकडा अनुकूल नसेल, तर बेत रद्द करण्याआधी हे पर्याय पाहा:

- नदीकाठची पायवाट: शूर्स लँडिंगपासून खाली सस्क्वेहाना स्टेट पार्ककडे जुन्या लोहमार्गाच्या जागेवरून सुमारे चार किलोमीटरची सपाट वाट जाते. बगळे, बदके आणि झाडांवर विसावलेले गरुड इथे शांतपणे दिसतात.
- ब्लॅकवॉटर अभयारण्य: मेरीलँडमध्येच, केंब्रिज गावाजवळ. ठरलेल्या रस्त्यावरून गाडी हळूहळू नेत खिडकीतूनच फोटो काढता येतात. थोडे प्रवेशशुल्क असते. थंडी न सोसणाऱ्यांसाठी हा पर्याय कॉनोविंगोहून चांगला, हे स्पष्टच सांगतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडके

नदी रुंद आहे आणि पक्षी बरेचदा लांब असतात. ५०० ते ६०० मिलिमीटर ही इथली कामाची लेन्स. पण वर्षातून एका सहलीसाठी ती विकत घेऊ नका. दोन-तीन दिवसांच्या भाड्याने मिळते, आणि क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल तर ४०० मिलिमीटरवरही चांगले निभते. शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आयएसओ ऑटोवर, फोकस सतत मागोवा घेणाऱ्या पद्धतीवर. सर्वांत जास्त फोटो बिघडतात ते पांढऱ्या डोक्यामुळे. मागे गडद झाडी असली की कॅमेरा एकूण दृश्य उजळवतो आणि डोक्यावरची पिसे नुसता पांढरा डाग होऊन जातात. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा. मागे ढगाळ, पांढुरके आकाश आले की उलट वाढवा. गाडीतल्या उबेतून लेन्स एकदम थंडीत काढलीत तर पहिली दहा-पंधरा मिनिटे फोटो धूसर येतात. तिला आधी बाहेरची हवा लागू द्या. बाकी काही शिकवण्याची गरज नाही, विसर्ग बरोबर असेल तर सराव तिथेच होतो.

पक्ष्यांपासून अंतर: सवय बदलावी लागेल

भिगवणला रोहित पाहायला गेलेल्यांना नावाड्याने आणखी जवळ न्यावे असे वाटते आणि नावाडीही ते ऐकतो. ही सवय घेऊन इथे येऊ नका. अमेरिकेत बाल्ड ईगलसाठी १९४० पासून वेगळा कायदा आहे. त्यात मारणे-पकडणे तर आलेच, पण पक्ष्याचे खाणे, विसावणे किंवा घरटे बिघडेल इतपत त्रास देणेही आले. पहिल्या गुन्ह्याला एक लाख डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धरणाखाली मधे नदी असल्यामुळे अंतर आपोआप राखले जाते. गोंधळ होतो तो पायवाटेवर आणि घरट्यांपाशी. घरट्याच्या मोसमात पायी जाणाऱ्याने ३३० फूट, म्हणजे शंभर मीटर दूर राहावे, असे सरकारी मार्गदर्शन आहे. चेसापीक परिसरात जानेवारी-फेब्रुवारीत अंडी घातली जातात आणि घरट्याची डागडुजी त्याआधीच सुरू होते. म्हणजे आपण जातो त्या दिवसांतही काही जोड्या घरट्यापाशी असतात.

पुढच्या चुका अजाणतेपणी होतात, म्हणून त्या वेगळ्या सांगतो:

- पडलेले पीस उचलणे. मुले हौसेने उचलतात, आपण पुस्तकात ठेवतो. गरुडाचे पीस जवळ बाळगणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे, मग ते आपोआप गळून पडलेले का असेना. फोटो काढा आणि पीस जागच्या जागी राहू द्या.
- मासे किंवा खाणे टाकून पक्षी जवळ बोलावणे. पक्षी माणसाला सरावतात आणि पुढे रस्त्यावर गाडीखाली येतात.
- टाळ्या, शिट्ट्या, गाडीचा हॉर्न वाजवून पक्षी उडवणे. थंडीत प्रत्येक अनावश्यक उड्डाण म्हणजे पक्ष्याने कमावलेली ऊर्जा खर्च होणे. शेजारी उभ्या असलेल्या पन्नास जणांची सकाळही त्यात जाते.
- ड्रोन. धरण आणि वीजगृह, त्यात संरक्षित पक्षी. २५० ग्रॅमवरच्या ड्रोनला नोंदणी लागते हा मुद्दा तर नंतरचा. ड्रोन घरीच ठेवा.

कुणी अडवले तर

सार्वजनिक जागेवरून डोळ्यांना दिसते त्याचा फोटो काढण्याचा हक्क अमेरिकेत प्रत्येकाला आहे, त्यासाठी नागरिक असावे लागत नाही. धरणाचा फोटो काढणे हा स्वतःच गुन्हा नाही. पण फिशरमन्स पार्कची जागा कंपनीच्या ताब्यातली आहे, हे लक्षात ठेवा. तिथला सुरक्षारक्षक तुम्हाला विशिष्ट भागात जाऊ नका असे सांगू शकतो, जागा सोडायलाही सांगू शकतो, आणि ते ऐकावे. कॅमेरा हिसकावण्याचा किंवा फोटो पुसायला लावण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. पोलिसांनाही फोटो पुसायला लावता येत नाही. वाद घालू नका, फोटोही पुसू नका. 'मी जाऊ शकतो का?' असे शांतपणे विचारा. अठरा वर्षांवरील बिगरनागरिकांनी ग्रीन कार्ड किंवा नोंदणीचा लागू असलेला पुरावा जवळ बाळगावा, असा कायदाच आहे. आईवडिलांच्या आय-९४ ची प्रत त्यांच्या खिशात असू द्या.

पैशाचा मुद्दाही इथेच सांगतो. शटर दाबल्या क्षणी फोटोचा कॉपीराइट तुमचा होतो, व्हिसा कोणताही असो. पण बी-२ वर आलेल्या पाहुण्याने किंवा एच-१बी वरच्या माणसाने छापील फोटो विकणे, पैसे घेऊन शिकवणी घेणे, हे परवानगीशिवाय केलेले काम ठरू शकते. छंद हा छंद म्हणून ठेवा आणि पहिला डॉलर घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. स्पर्धेत फोटो पाठवताना नियमांतली वापराच्या हक्काची ओळ वाचा. पुष्कळदा प्रवेशिकेबरोबरच तुम्ही आयोजकांना फोटो कायम वापरण्याची मुभा देऊन बसता.

धरणाचे पुढे काय होणार

आता त्या प्रश्नाकडे वळू, ज्यावर सर्वांत जास्त अफवा आहेत. धरणाचा १९८० चा परवाना २०१४ मध्ये संपला. नव्या परवान्याचा वाद लांबला आणि धरण वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर चालू राहिले. २०२१ च्या मार्चमध्ये फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनने ५० वर्षांचा परवाना दिला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. कारण असे की, पाण्याच्या गुणवत्तेचा दाखला देण्याचा मेरीलँड राज्याचा अधिकार कंपनीशी झालेल्या तडजोडीत सोडून देण्यात आला होता, आणि कायद्यात तसे करायला वाट नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य, कंपनी आणि पर्यावरण संघटना यांच्यात नवा करार जाहीर झाला. कंपनीने ३४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम नदीच्या सुधारणेवर खर्च करायची, असे त्यात ठरले. परवान्यावरचा अंतिम शब्द कमिशनचाच असतो.

या सगळ्या वादाच्या केंद्रस्थानी धरण पाडायचे की नाही हा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो अटींचा: जलाशयात जवळजवळ शतकभर साचलेल्या गाळाचे काय करायचे, पुरात वाहून येणाऱ्या कचऱ्याचे काय, नदीत वर जाणाऱ्या शॅड आणि ईल माशांना वाट कशी द्यायची, आणि पाणी दिवसभरात किती चढउतार करत सोडायचे. तेव्हा 'लवकर जा, नाहीतर धरण राहणार नाही' असे कुणी सांगितले तर घाबरून जाऊ नका. बदल झालाच तर तो पाण्याच्या वेळापत्रकात होईल. विसर्गातले झटके कमी केले गेले, किंवा टर्बाइन्समधून जाणाऱ्या माशांचे प्रमाण घटले, तर गरुडांची पायथ्याशी होणारी दाटी पातळ होऊ शकते. ती शक्यता खरी आहे आणि लपवण्यासारखी नाही.

मग फोटो काढणाऱ्यांनी आहे तेच चालू राहावे म्हणून धरणाची बाजू घ्यावी का? 'हे धरण आहे म्हणून गरुड आहेत' हे वाक्य तिथे उभे राहून पटकन पटते. पण पुरावा वेगळे सांगतो. १९६३ मध्ये अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गरुडांच्या केवळ ४१७ विणीच्या जोड्या मोजल्या गेल्या, आणि तेव्हा कॉनोविंगो पूर्ण जोमात चालू होते. पक्षी परतला तो १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आल्यामुळे आणि कायद्याच्या संरक्षणामुळे. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी अंदाजात या जोड्यांची संख्या ७१,४०० वर पोहोचली. दुसरा पुरावा मेन राज्यातला. केनेबेक नदीवरच्या एडवर्ड्स धरणाला नवा परवाना नाकारला गेला आणि १९९९ मध्ये ते काढले गेले. जवळच्याच सेबास्टिकूक नदीवरचे फोर्ट हॅलिफॅक्स धरण २००८ मध्ये गेले. त्यानंतर तिथे एल्वाइफ मासे लाखोंनी वर येऊ लागले आणि वसंतात त्यांच्यामागे गरुड मोठ्या संख्येने जमू लागले. गरुडाला मासा हवा. धरण हा मासा मिळण्याचा एक मार्ग झाला, आणि तोही माशांना जायबंदी करणारा. कॉनोविंगो आपल्याला पक्षी देत नाही, जवळून दिसणारी गर्दी देते. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळला, त्याने नदीच्या बाजूने बोलताना आपला नोव्हेंबर जाईल म्हणून कचरू नये.

उलट बाजूचा आक्षेपही प्रामाणिक आहे: जखमी माशांवर जमणारी ही मेजवानी, तिचे फोटो काढणे म्हणजे त्या नुकसानीचा सोहळा करणे नव्हे काय? फोटो फक्त भिंतीवर गेला तर या आक्षेपात तथ्य आहे. पण तारीख, वेळ आणि ठिकाणासह ठेवलेला फोटो हा दस्तऐवज असतो. कोणत्या विसर्गाला किती पक्षी, पंजात कोणता मासा, पुरानंतर पाण्यात काय वाहत होते, हे सारे त्यात आपोआप टिपले जाते. परवाना पन्नास वर्षांचा असू शकतो. त्याच्या अटींनी काय साधले ते तपासायला आधीचे चित्र लागेल, आणि ते चित्र काठावर रोज उभ्या असलेल्या छायाचित्रकारांइतके दुसऱ्या कुणाकडे नाही.

तुमचे म्हणणे कुठे मांडायचे

धरणाखाली उभे राहण्याची सोय ही कंपनीची मेहेरबानी नाही. जलविद्युत परवान्याबरोबर लोकांना नदीपर्यंत पोहोचू देण्याची जबाबदारीही येते. वाहनतळ, पायवाट, अपंगांसाठी सोय, दार उघडण्याच्या वेळा, हे विषय परवान्याच्या कक्षेत येतात. म्हणून त्यावर बोलण्याचा अधिकारही तुमचा आहे. 'आम्ही इथले नागरिक नाही, आमचे कोण ऐकणार?' असे वाटत असेल तर कमिशनपुढे मत नोंदवायला नागरिकत्वाची अट नाही. असे करा:

१. कमिशनच्या संकेतस्थळावर कॉनोविंगोचा प्रकल्प क्रमांक ४०५ टाकून कागदपत्रे शोधा. ती सगळ्यांना खुली आहेत.

२. मत मागवण्याची मुदत चालू असेल तर ई-कॉमेंटची सोय वापरा. छोटा मजकूर थेट पाठवता येतो, वकील लागत नाही.

३. भावनेपेक्षा निरीक्षण लिहा. 'गरुड वाचवा' या एका ओळीहून 'अमुक दिवशी, इतक्या क्युसेकला, सकाळी आठ वाजता इतके पक्षी मोजले' या ओळीला वजन आहे. तुम्ही पाठवलेले नाव आणि मजकूर सार्वजनिक नोंदीत जातो, हे लक्षात ठेवून घरचा पत्ता-फोन मजकुरात घालू नका.

४. मोजलेले पक्षी आणि निवडक फोटो कॉर्नेल विद्यापीठाच्या ई-बर्डवर चढवा. संशोधक तो साठा वापरतात. फार सजवलेला फोटो नको, पक्षी नीट ओळखू येणारा हवा.

येत्या मोसमात तुम्ही दोन हजार फोटो काढाल, त्यातले वीस ठेवाल आणि एक घरी लावाल. त्या वीस फोटोंपैकी प्रत्येकाखाली तारीख, वेळ आणि त्या वेळचा विसर्ग, एवढ्या तीन नोंदी त्याच रात्री लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत.